आरशात पळणारी माणसं

बावीस वर्षं मी लुब्लिनमध्ये ट्रॉलीबस चालवतो आहे.
आज मे महिन्यातला रविवार, रस्ता माझाच,
पण मी पायी. छातीवर नंबर बाराशे सहा.
डोक्यावर त्याच दोन तारा, रिकाम्या,
वाळत घातलेले कपडे कुणी काढून नेल्यासारख्या.

फार माणसं नाहीत, हजारभर असतील.
माझा दंतवैद्य, आमच्या चर्चचे तरुण फादर
(आखूड चड्डीत, आधी ओळखूच आले नाहीत),
दोघी जुळ्या बहिणी, एकीचाच श्वास फुललेला.
सुरुवातीला सगळे बोलत असतात
गुडघ्यांबद्दल, केळ्यांबद्दल, कुणाच्या तरी जावयाबद्दल.
सहाव्या किलोमीटरनंतर
फक्त बुटांचा आवाज.

माझे पाय प्रत्येक थांब्यापाशी मंदावतात.
सवय. मी उजवीकडे बघतो, कोण चढणार.
एका बाकावर म्हातारी बसलेली, पिशवी मांडीवर,
आज गाडी नाही हे तिला कुणी सांगितलंच नाही.
मी पळता पळता ओरडतो: आजी, तीन वाजल्यानंतर!
ती घड्याळ बघते, मग मला बघते,
म्हणते, बरं.

नदीकाठानं वारा तोंडावर. तळ्याला वळसा.
एक शाळकरी मुलगी पेला अर्धाच भरून देते,
जास्त प्यालात तर पोटात डुचमळेल, म्हणते,
आणि माझ्या मागे बघते,
मागे कुणीच नाही.

एकतिसाव्याला पोटरीत गोळा आला.
दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिलो.
झेनोबिया पितलाक, बेकरीवाली, वय एकसष्ट,
कमरेच्या पट्ट्यातून कागदात गुंडाळलेला
कांद्याचा पाव काढते, तुकडा मोडून देते:
खा. मीठ आहे त्यात.
मी रात्री दोनला भट्टी लावते, ती सांगते,
शहर मला झोपलेलंच माहीत.
म्हणून वर्षातून एकदा येते,
भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध.
मग ती गेली. थांबली नाही, ते बरंच केलं.

मागून डिझेलची घरघर.
मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी,
सुकाणूवर आमच्याच डेपोतला कायेतान.
दार फुस्स करून उघडलं:
ये वर. तिकीट मागणार नाही.
पहिल्याच सीटवर ती म्हातारी, पिशवी मांडीवर.
चढ की रे, ती म्हणाली, जागा आहे.

तेव्हा त्याच्या उजव्या आरशात
मला एक तोंड दिसलं, लाल, आ वासलेलं.
हे तोंड माझ्या ओळखीचं.
बावीस वर्षं ते माझ्या आरशात पळत आलं आहे,
कधी काखेत कोबीचा गड्डा,
कधी खांद्यावरून घसरलेलं दप्तर,
एक हात वर, हलणारा.
कधी थांबलो.
कधी वेळापत्रक होतं, आणि मी बटण दाबलं.
एक बाई होती, बर्फातली,
तिचा एक बूट मागेच राहिला होता.
बूट उचलायला वळावं की गाडी गाठावी,
ते ठरवत असताना ती आरशात
लहान लहान होत गेली.

कायेतान, दार लाव, मी म्हणालो.
त्यानं लावलं नाही.
दार उघडं ठेवून गाडी चालवणं नियमात बसत नाही,
तरी तो चालवत राहिला,
अकरा किलोमीटर, माझ्या चालीनं.
आजी मध्येच झोपल्या.

किल्ल्याखाली कमान उतरवून झाली होती.
एक पोरगा खोक्यात हात घालून
बराच वेळ पदक शोधत राहिला.

सोमवारी डेपोचा जिना मी उलटा उतरलो,
कठड्याला धरून, एकेक पायरी.
सहा बाराची फेरी. शिंगं तारांना लावली.
तिसऱ्या थांब्यावर, आरशात, फार लांब,
कुणीतरी हात वर केला.
मागून कुणी म्हणालं, निघा की आता!
मी दार उघडं ठेवून
पोटरी चोळत बसलो.